पेन्शनरांचे पुणे आणि विद्यार्थ्यांचे पुणे

पुणे शहराला दोन बिरुदे फार दिवसांपासून चिकटलेली आहेत. विद्येचे माहेरघर हे एक, आणि पेन्शनरांचे गाव हे दुसरे. पहिले आपण भूषणाने मिरवितो. दुसरे थट्टेवारी नेतो. पहाटे पर्वती चढून येणारा, मग वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा आणि संध्याकाळी बाकावर बसून सरकारला सल्ला देणारा निवृत्त गृहस्थ हे आपल्या विनोदी वाङ्मयातील एक ठरीव पात्र होऊन बसले आहे. परंतु या दोन बिरुदांची एकमेकांशी कधी गाठ पडली काय? ज्याच्यापाशी रिकामा वेळ आहे असा वृद्ध आणि ज्याचे त्रैराशिक अडले आहे असा शाळकरी मुलगा, हे दोघे एकाच पेठेत, कित्येकदा एकाच वाड्यात राहत आले. त्यांच्यामध्ये काय देवघेव झाली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा संस्थांचा इतिहास म्हणून लिहितो. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि त्याच साली हुजूरपागेची मुलींची शाळाही सुरू झाली. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज आले. या सर्वांची दप्तरे आहेत, अहवाल आहेत, महोत्सवी ग्रंथ आहेत. ओसरीवर बसून शेजारच्या मुलाला भूमितीचा सिद्धान्त उलगडून दाखविणाऱ्या निवृत्त मास्तरांचे मात्र दप्तर नसते. फी घेतलेली नसते, म्हणून पावतीही नसते. तेव्हा या विषयात शिरण्याची वाट ज्यांच्याविषयी लेखी पुरावा आहे अशा मोजक्या माणसांमधूनच काढावी लागते. मौज अशी की ही माणसे बहुतेक सगळी गणिताची निघतात. हा केवळ योगायोग असावा असे आम्हांला वाटत नाही. इतिहासात किंवा भाषेत मुलगा कच्चा राहिला तर ते झाकले जाते, पुढल्या इयत्तेत कसेबसे निभावूनही जाते. गणितात एक पायरी निसटली की पुढची प्रत्येक पायरी निसटत जाते, आणि मग कोणीतरी त्याच्याजवळ येऊन बसावे लागते.

पेन्शनर हा प्राणी आपल्याकडे तसा नवाच. पेशवाईत इनामे होती, वर्षासने होती. परंतु अमुक एका वाढदिवशी माणसाने काम थांबवावे आणि त्यानंतर घरबसल्या दरमहा ठरलेली रक्कम त्याच्या हाती पडावी, ही कल्पना रुजली ती इंग्रजी अमलाबरोबर. कारकून, मामलेदार, मुन्सफ, शाळाखात्याचे डेप्युटी, इंजिनीअर अशी मंडळी पंचावन्नाव्या वर्षी मोकळी होऊ लागली, आणि हवा बरी, पाणी बरे, मुलांच्या शिक्षणाची सोय बरी म्हणून त्यांतील पुष्कळांनी पुण्यात घरे केली. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी हे वय १९६२ साली ५८ झाले, १९९८ साली ६० झाले. याच काळात आयुष्यही वाढले. १९४१ ते १९५० या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. बालमृत्यू कमी झाले हे त्याचे मोठे कारण खरे, परंतु साठी ओलांडलेल्या माणसापुढे आज पंधरा-वीस वर्षांचा हिंडता-फिरता काळ असतो, हेही तितकेच खरे. एवढा मोठा मोकळा वेळ, तोही शिकलेल्या माणसांपाशी, या शहरात पूर्वी कधीच साठलेला नव्हता.

पुण्याने विद्यार्थ्यांसाठी काहीच केले नाही असे कोणी म्हणू नये. वार लावून जेवणारा विद्यार्थी हा एके काळी या शहराच्या जीवनाचाच भाग होता. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात घरांचे अन्न खाऊन, माधुकरी मागून, कित्येक मुले मॅट्रिक झाली. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले, त्याच्या मुळाशी हीच वृत्ती होती. पुढे १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी खेड्यांतून येणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थी सहायक समिती उभी केली. पण दोन गोष्टी येथे स्पष्ट बोलल्या पाहिजेत. एक अशी की वारांचे ते अन्न प्रायः ब्राह्मण घरांतले आणि ब्राह्मण मुलांपुरते होते. सोवळ्याओवळ्याच्या उंबऱ्याबाहेरच्या मुलाला वार कोण देणार? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढावी लागली ती याच शहरात. दुसरी गोष्ट अशी की अन्न देणे आणि वेळ देणे यांत अंतर आहे. सुखवस्तू घरात एक पान वाढविणे फारसे जड जात नाही. तेवढ्याच मुलाला रोज तासभर जवळ बसवून त्याचे अडलेले सोडवायचे म्हटले, तर घरातील कर्त्या माणसाला ते साधत नाही. ते साधते ज्याचे कर्तेपण संपले आहे त्याला.

आता माणसांकडे वळू. पहिले नाव अर्थातच अण्णासाहेब कर्वे यांचे. १८७५ साली, ज्या साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्याच साली, मुरूडचा एक सतरा वर्षांचा मुलगा मराठी सहावीच्या परीक्षेसाठी घाट चढून सोबत्यांबरोबर साताऱ्यास चालत गेला. तेथे तो वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. मुलगा तसाच परत आला. हा अनुभव ज्याने घेतला त्याला विद्यार्थ्याची अडचण म्हणजे काय हे निराळे सांगावे लागले नसेल. पुढे मुंबईत शाळांतून व शिकवण्यांतून पोट भरीत असतानाच कर्वे यांनी मुर्डीचा आपला एक नातलग मुलगा स्वतःच्या घरी आणून ठेवला आणि त्याच्या अभ्यासाची जबाबदारी घेतली. हा मुलगा म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. मॅट्रिकला तो पहिला आला, फर्ग्युसनमधून पदवीधर झाला, आणि १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर ठरला. हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय. ज्या मास्तरांनी त्याला घरी ठेवून घेतले होते ते त्या वेळी फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवीत होते.

कर्वे १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात आले आणि १९१४ साली निवृत्त झाले. म्हणजे नोकरी तेवीस वर्षे. १९६२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या एकशेपाचाव्या वर्षी ते वारले. म्हणजे निवृत्ती अठ्ठेचाळीस वर्षे. नोकरीच्या दुपटीहून मोठी निवृत्ती! या अठ्ठेचाळीस वर्षांत १९१६ चे महिला विद्यापीठ येते, ते सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला येथे त्याहून लहान, पण या विषयाला जवळची अशी गोष्ट सांगावयाची आहे. १९३६ साली अण्णासाहेब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. विद्यापीठ उभे राहिले होते, परदेशांचे दौरे झाले होते, आता स्वस्थ बसले असते तर कोणी नाव ठेवले नसते. त्या वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यात लोकल बोर्डाची शाळा नाही तेथे शाळा उघडावयाची, एवढाच त्याचा हेतु. त्यासाठी ऐंशीच्या घरातील हा म्हातारा पुण्यातून पायी हिंडून किरकोळ वर्गण्या गोळा करीत असे. ज्याने पंधरा लाखांची देणगी आपल्या विद्यापीठासाठी पाहिली होती तो आता आण्यांची वर्गणी नाकारीत नव्हता. चरित्रकार या प्रकरणावरून लवकर पुढे जातात. आमच्या मते निवृत्त माणसाच्या कामाचा खरा नमुना येथे आहे. मोठे काम हातून होऊन गेल्यावर लहान काम हाती घेण्यात कमीपणा न वाटणे ही गोष्ट नोकरीत मानमरातब भोगलेल्या पुष्कळांना जमत नाही.

परांजपे यांच्या नावाने पुढे गणिताचे एक पारितोषिक ठेवण्यात आले. १९२७ साली ते फर्ग्युसनच्या ज्या विद्यार्थ्यास मिळाले त्याचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. बी. एस्सी. झाल्यावर त्यांनी देवळालीस शाळामास्तरकी धरली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत, निवृत्त होईपर्यंत, ती सोडली नाही. एम. ए. नाही, विद्यापीठाची जागा नाही. शाळेतून आल्यावर आकड्यांशी खेळणे हा एकच नाद. आपल्या संख्यांना त्यांनी दिलेली नावेसुद्धा खास आपली आहेत: आनंद देणाऱ्या त्या हर्षद संख्या, कोणापासून न उपजलेल्या त्या स्वयंभू संख्या, आणि डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून डेम्लो संख्या. १९४९ साली त्यांना ६१७४ या संख्येचा स्वभाव उमगला. तो कोणत्याही शाळकरी मुलाला पडताळून पाहता येतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर तेच करा. उदाहरणादाखल व्याख्यानमालेचे जन्मवर्षच घेऊ. ८७५१ मधून १५७८ वजा केले की ७१७३; मग ७७३१ उणे १३७७, ६३५४; मग ६५४३ उणे ३४५६, ३०८७; मग ८७३० उणे ०३७८, ८३५२; आणि ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते. सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक संख्या येथे येऊन पोचते.

हे गणित मोठ्या गणितज्ञांना बरीच वर्षे पोरखेळ वाटले. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले तेव्हा त्यांचे नाव जगभर गेले. पण निवृत्तीनंतरचे कापरेकर कसे होते? १९६६ साली त्यांची पत्नी वारली. राहणी अत्यंत साधी असूनही पेन्शन पुरेना, आणि म्हणून उतारवयात त्यांना गणित व विज्ञानाच्या शिकवण्या धराव्या लागल्या. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. निवृत्त माणसाने विनामूल्य शिकवावे असे व्यासपीठावरून सांगणे फार सोपे आहे. आणि सांगणाऱ्याची पेन्शन बहुधा चांगली असते. ज्या शाळामास्तरांनी चाळीस वर्षे मुले घडविली त्यांतील पुष्कळांना म्हातारपणी त्याच मुलांकडून फी घ्यावी लागली, आणि तीत लाज वाटण्यासारखे काही नव्हते. खाजगी वर्ग हीसुद्धा आजकालची नवलाई नव्हे. प्रत्यक्ष टिळकांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालविला होता. तेव्हा फुकट शिकविणारा तो थोर आणि फी घेणारा तो हलका, अशी वाटणी आम्हांला मान्य नाही. विचारावयाचे ते इतकेच की शिकविणाऱ्यापाशी मुलासाठी थांबावयाला सवड होती की नव्हती.

मध्यंतरी एक अशी गोष्ट घडली की तिने आजोबा आणि नातू यांच्यातला धागाच ताणला गेला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. पाठोपाठ मण, शेर, छटाक गेले; किलोग्रॅम आणि लिटर आले. ज्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ होती, साडेसात रुपये मणाचा माल पावणेतीन मण घेतला तर किती आणे पडतील हे जे बसल्या बैठकीत सांगत, त्यांचे सारे भांडार पाच-सहा वर्षांत निरुपयोगी झाले. पुढे संचांचे ‘नवे गणित’ आले, मॅट्रिकची अकरावी जाऊन १९७५ च्या मार्चपासून दहावीची शालान्त परीक्षा आली. प्रत्येक वेळी घरातील वडीलधारी माणसे एक पाऊल मागे सरली. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य पेन्शनरांच्या तोंडी वारंवार येते म्हणून आपण हसतो. पण शिकविण्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते. आणि त्यातला धोकाही खराच. जो निवृत्त गृहस्थ मुलाचे पुस्तक न उघडता आपल्या वेळचे गणित त्याच्या गळी उतरवू लागतो, अधूनमधून आपल्या साहेबाची आठवण सांगतो आणि शेवटी पिढीच्या अधःपाताविषयी चार शब्द बोलतो, त्याच्यापासून मुलगा पळाला तर दोष मुलाचा नाही.

मग निवृत्त माणसाने द्यावे तरी काय? याचे उत्तर आम्हांला ज्यांच्या चरित्रात सापडते ते जयंतराव नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, आणि घरी मुलांना लिहावयाला मोठे फळे भिंतीवर लावलेले होते. मामा मोरेश्वर हुजूरबाजार हे शिकण्यासाठी त्यांच्याकडे राहावयास आले. भाच्याला गणिताची गोडी आहे हे ओळखून मोरूमामा फळ्यावर एखादे कोडे लिहून ठेवीत, वर मथळा: जयंतासाठी आव्हान. उत्तर सांगावयाचे नाही. मुलगा सोडवीपर्यंत, नाहीतर हरलो म्हणेपर्यंत, ते तसेच फळ्यावर राहावयाचे. कोडे अभ्यासक्रमातले नसे. येता-जाता दिसणारे ते अक्षर मुलाला स्वस्थ बसू देत नसे, आणि मामाला घाई नसे. पुढे केंब्रिज, फ्रेड हॉइल, विश्वाच्या उत्पत्तीविषयीचे वाद, हे सारे झाले. पण स्वतःच्या घडणीविषयी लिहिताना नारळीकरांनी या फळ्याची आठवण आवर्जून नोंदविली आहे.

१९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही संस्था त्यांनी उभी केली आणि २००३ पर्यंत तिचे संचालकपद सांभाळले. खगोलशास्त्राच्या या संशोधनसंस्थेत शाळकरी मुलांचे काय काम, असे एखाद्याला वाटेल. परंतु महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पुण्यातील शाळांच्या मुलांसाठी तेथे सप्रयोग व्याख्याने होऊ लागली, आणि उन्हाळ्याच्या सुटीत आठवी-नववीतील मुलांची एक योजना सुरू झाली. तिची घडण पाहण्याजोगी आहे. चार-सहा मुले एका शास्त्रज्ञाच्या स्वाधीन करावयाची, आठवडाभर. अभ्यासक्रम ठरलेला नाही. काय करावयाचे ते मुलांनी आणि त्या शास्त्रज्ञाने मिळून ठरवावयाचे, आणि शेवटी मुलांनी केलेल्या कामाची हकीकत लिहावयाची. परीक्षा नाही, गुण नाहीत. भिंतीवरचा फळाच येथे संस्थेच्या मापाने मोठा करून मांडला होता असे आम्ही म्हणतो. त्याच आवारात पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली. तिच्या इमारतीला सप्तर्षींतील पुलस्त्याचे नाव देण्यात पु. लं. च्या नावाशी जो खेळ साधला आहे तो त्यांना नक्कीच आवडला असता. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकविणारे अरविंद गुप्ता तेथे २०१४ पर्यंत होते.

निवृत्तीनंतरही नारळीकर शाळांत जात राहिले. व्याख्यान संपले की मुले सहीसाठी वह्या पुढे करीत. त्यावर त्यांचे ठरलेले सांगणे असे की सही येथे मिळणार नाही; विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा, त्याचे उत्तर मी देईन आणि उत्तराखाली माझी सही असेल. या साध्या युक्तीत केवढे शहाणपण आहे पाहा. वही पुढे करावयाला काही लागत नाही. प्रश्न लिहावयाचा म्हणजे आधी तो पडला पाहिजे. पोस्टकार्डाच्या चार बोटे जागेत मावेल इतका नेमका करावा लागतो. आणि टपालपेटीपर्यंत जाण्याइतका तो टिकावा लागतो. शंभरांतील नव्वद मुलांचा उत्साह घरी पोचेपर्यंत मावळत असेल. उरलेल्या दहांना जगातल्या एका मोठ्या खगोलशास्त्रज्ञाचे हस्ताक्षर घरपोच मिळे, मराठीत विचारले तर मराठीत. अशा माणसाचा वेळ पोस्टकार्डांत घालविणे योग्य होते काय, असे विचारणारेही भेटतात. ज्याने आयुष्यभर संशोधन केले त्याने सत्तरी-पंच्याहत्तरीत आपला वेळ कशावर घालवावा हे ठरविण्याचा अधिकार आम्ही त्यालाच देऊ.

आपल्या थट्टेतला पेन्शनर नेहमी पुरुष असतो, ही एक चूकच आहे. हुजूरपागा, सेवासदन, हिंगण्याची संस्था यांतून शिकवून निवृत्त झालेल्या बायांची एक संपूर्ण पिढी या शहरात राहून गेली, आणि चुलीपाशी बसूनही मुलांचे गणित घेता येते हे तिला पुरुषांपेक्षा अधिक ठाऊक होते. मंगला नारळीकर यांचे उदाहरण या ठिकाणी बोलके आहे. त्या स्वतः संख्या-सिद्धान्तातल्या गहन विषयावर संशोधन केलेल्या गणिती; उत्तरायुष्यात त्यांनी मुलांच्या गणिताकडे लक्ष दिले, ‘गणिताच्या सोप्या वाटा’ हे कच्च्या मुलांसाठी पुस्तक लिहिले, बालभारतीच्या गणितसमितीचे अध्यक्षपद सांभाळले. २०१९ च्या जून महिन्यात दुसरीच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात जो गदारोळ उठला तो अनेकांना आठवत असेल. ‘पंचवीस’ याबरोबर ‘वीस पाच’ असेही मुलाला म्हणू द्यावे, एवढाच तो बदल होता. वर्तमानपत्रांत टिंगल झाली, विधानसभेत कोट्या झाल्या, भाषा बुडाली असा आक्रोश झाला.

त्या बदलामागे काय होते ते पाहणे उद्बोधक आहे. मराठीत आपण पाच आधी म्हणतो आणि वीस मागून; लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच मागून. मोठ्या माणसाला यात काही जाचत नाही. सात वर्षांचे मूल पंचवीस ऐकते आणि ५२ लिहिते. त्यात एकोणतीस म्हटले की तिसाचे नाव घेऊन एक कमी; त्र्याहत्तर, अठ्ठ्याण्णव यांतील जोडाक्षरे निराळी. कानडी-तेलुगूत दशक आधी येतो, इंग्रजीत आधी येतो, तेथे ही अडचण नाही. जर्मन भाषेत आपल्यासारखीच आहे. हा बदल करावा की न करावा यावर मतभेद होऊ शकतो, आणि पाढ्यांची लय बिघडेल हा आक्षेप आम्हांलाही अगदीच पोकळ वाटत नाही. पण अडचण खरी होती. आणि ती वर्गाच्या पुढच्या बाजूला उभे राहून कळण्यासारखी नव्हती. ५२ ला चूक अशी खूण करून वही परत देणे सोपे आहे. मुलगा चुकला की भाषेने त्याला चुकविले, हे त्याच्याजवळ बसून, त्याच्या तोंडून ऐकत राहिल्याशिवाय समजत नाही. त्यासाठी विद्वत्ता फार लागते असे नाही, वेळ लागतो. वर्गात साठ मुले असलेल्या शिक्षकाकडे तो नसतो, तासावर पैसे घेणाऱ्या वर्गाकडे नसतो, दोघेही नोकरीला जाणाऱ्या आईबापांकडे नसतो.

परदेशांत हा हिशेब काही लोकांनी मांडला आहे. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात ‘एक्स्पिरिअन्स कोअर’ या नावाने निवृत्त माणसांना आठवड्याचे काही तास सरकारी शाळांत मुलांना वाचावयास मदत करण्यासाठी बसविण्यात आले. २००९ साली सुगत मित्रा यांनी इंग्लंडमधील आजीबाईंना आवाहन केले की आठवड्यातून एक तास संगणकाच्या पडद्यावरून भारतातल्या मुलांशी बोला. त्यातून ‘ग्रॅनी क्लाउड’ निघाला आणि आपल्याकडे फलटणपर्यंत पोचला. या आजीबाईंनी शिकवावयाचे नव्हते. मूल काही करील ते पाहून ‘अरे वा, हे तुला कसे जमले?’ असे विचारावयाचे होते. आजीची ही रीत आपल्याकडच्या आज्यांना परदेशातून आणावी लागावी, यात थोडी गंमत आहे. तथापि त्या मुलांशी मराठीतून असे बोलणारी माणसे पुण्यातच हजारोंनी राहतात.

मग अडते कुठे? आमच्या पाहण्यात अडते ते वेळापत्रकात. निवृत्त माणसाचा वेळ मोकळा असतो तो सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत, आणि नववी-दहावीचे मूल त्या वेळी शाळेत असते. तेथून ते वर्गांना जाते, आणि रात्री आठनंतर घरी येते तेव्हा आजोबांची झोपेची वेळ झालेली असते. वाडे गेले, ओसऱ्या गेल्या. इमारतीच्या फाटकावर पहारेकरी बसला, आणि शेजारच्या मुलाने वही घेऊन सहज आत शिरावे अशी जागा उरली नाही. पेठांमधून ज्या अभ्यासिका निघाल्या त्यांत घरी जागा नसलेली मुले शांत बसून वाचतात, पण तेथे बोलण्यास मनाई असते. अडलेले विचारावयाचे कोणाला? सबंध वर्षात या दोघांच्या वेळा जुळतात त्या एकदाच, उन्हाळ्याच्या सुटीत. आयुकाने शाळकरी मुलांचा आठवडा एप्रिल-मेमध्ये ठेवला तो यासाठीच असावा. वसंत व्याख्यानमालाही याच दिवसांत भरते. परीक्षा झालेल्या असतात, वर्ग अजून सुरू व्हावयाचे असतात, आणि दुपारभर मुलांना काय करावे हे सुचत नसते.